सुका कचरा घरात येतानाच कमी यावा म्हणून घरच्यांना कसं तयार केलंत?

मृण्मयी_

आमचं घर पाच जणांचं: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तिसरीतली लेक. पुण्यात राहतो. ओला कचरा गच्चीवरच्या ड्रममध्ये जिरतो, खत कुंड्यांना पुरून उरतं. मला विचारायचंय ते सुक्या कचऱ्याबद्दल, आणि त्याहून जास्त घरच्या माणसांबद्दल.

वर्गीकरण आपण बहुतेक जण शिकलो. सुका वेगळा दिला की आपलं काम संपलं असं घरोघरी धरून चालतात. पण कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी जरा बोलून बघा. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पत्रा यांना भाव मिळतो. वेफर्स-बिस्किटांची आतून चकचकीत असलेली पाकिटं भंगारवाला हातात धरत नाही. त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सोडवणं कोणाला परवडत नाही. म्हणजे आपण धुऊन, वाळवून, वेगळ्या पिशवीत घालून दिलं तरी त्याला पुढे फारशी वाट नाही. माझं मत असं की यावर एकच उपाय, ते घरात येऊच नये.

पण घरात काय यावं हे एकटी बाई ठरवत नाही. सासूबाईंना 'एकावर एक फुकट' सोडवत नाही. नवऱ्याचं रात्री झोपताना मोबाइलवर काहीतरी मागवून होतं. लेकीच्या वर्गात वाढदिवसांची रांग असते आणि प्रत्येक रिटर्न गिफ्टमध्ये एक पेन्सिल बॉक्स. भांडण न करता, उपदेश न करता तुमच्या घरात हे कसं बदललं? सगळ्यात आधी काय यायचं थांबलं?

टिचकी

एक अट. आइस्क्रीमचा डबा उघडल्यावर आत वाटलेलं खोबरं निघणं हा आपला सांस्कृतिक ठेवा आहे. त्यावर घाला घालणार असाल तर माझा या धाग्याला जाहीर विरोध. बाकी वाचतोय.

निरुपमा_सातारा

टिचकी, डबे सुरक्षित आहेत, काळजी नसावी. :)

मृण्मयी, आमच्याकडे सगळ्यात आधी थांबलं ते संक्रांतीचं वाण. आमच्या गल्लीत वीसेक घरांत हळदीकुंकू होतं. प्रत्येक घरी एक वस्तू लुटायची: प्लास्टिकची गाळणी, साबणाची डबी, चिमटे, स्टीलची इवलीशी वाटी. रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीच्या कपाटात वीस नवीन वस्तू, आणि त्यातली कामाची जेमतेम एखादी. वाण द्यायचं नाही असं म्हटलं असतं तर घराघरात वाईट वाटलं असतं, प्रथा मोडली म्हणून. म्हणून आम्ही फक्त ठरवलं की वाण संपणारं द्यायचं. कोणी गुळाची ढेप, कोणी ओला हरभरा, कोणी तिळाची चटणी, कोणी मेथीची जुडी. एका काकूंनी दोडक्याच्या आणि घेवड्याच्या घरच्या बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. त्या वर्षी गल्लीभर घेवडा लागला.

सुगडात आपण ऊस, बोरं, गाजर, हरभरा असंच घालतो ना? मग वाणही शेतातलं असलं तर त्यात प्रथेविरुद्ध काहीच नाही. हे सासूबाईंना मी सांगितलं नाही, त्यांनीच मला सांगितलं.

रानजाई

निरुपमाताई, हे फार आवडलं. ओटीच्या ब्लाऊजपीसचंही काहीतरी करा हो कोणीतरी. ते कापड कोणी शिवत नाही. ते नुसतं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतं.

वैदर्भी

आमच्या नागपूरला ओटीत आता आम्ही सुती रुमाल नाहीतर तांदूळ-नारळ आणि एक संत्रं देतो. ब्लाऊजपीस बंद. पहिल्या वर्षी आत्याबाई बोलल्या, "काऊन बाप्पा, कापड महाग झालं का?" दुसऱ्या वर्षी त्यांनीच रुमाल आणले.

दिगंतर

मी थोडा वेगळा सूर लावतो. हे सगळं छान आहे, पण कचऱ्याचा भार कुटुंबावर टाकून कंपन्या मोकळ्या होतात. पाकीट ज्यांनी बनवलं त्यांनी ते परत घ्यावं, ही उत्पादकाची जबाबदारी 2016च्या प्लास्टिक कचरा नियमांतच लिहिली आहे. 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे परत द्यायचे असंही ठरलं होतं. तुमच्यापैकी किती जणांना ते 50 पैसे मिळाले? आपण घरी वाण बदलत बसायचं आणि कारखान्यातून दिवसाला लाखो पाकिटं बाहेर पडत राहायची, याला अर्थ काय?

सातासमुद्रापार

दिगंतर यांच्याशी अर्धा सहमत. मी जर्मनीत राहतो. इथे पाण्याच्या वापरून टाकायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते, काचेच्या बीअरच्या बाटलीवर 8 सेंट. दुकानातल्या यंत्रात बाटली सरकवायची, पावती घ्यायची, बिलातून पैसे वजा. रस्त्यावर बाटली दिसत नाही, कारण टाकलेली बाटली म्हणजे टाकलेले पैसे. कायद्याने नीट अंमल केला तर माणसं बदलतात, त्यांना शिकवत बसावं लागत नाही.

पण अर्धा असहमत यासाठी की याच देशात वेष्टणांचा कचरा डोंगराएवढा आहे. काकडीसुद्धा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मिळते. पिवळ्या पिशवीत सगळं प्लास्टिक भरून दिलं की लोकांना हलकं वाटतं आणि खरेदी चालू राहते. मृण्मयी म्हणतात तो मुद्दा इथेही जसाच्या तसा लागू आहे.

पाटीलकाका

मी कोल्हापूरचा, वय 68. आमच्या लहानपणी हा विषयच नव्हता. तेल आणायला घाण्यावर किटली न्यायची. दळणाला डबा. वाणी साखर कागदाच्या पुड्यात बांधायचा, वर सुताचा दोरा, आणि तो दोराही आई गुंडाळून ठेवायची. धोतर फाटलं की त्याचे पंचे, मग पोतेरं. लुगड्यांची वाकळ. बोहारीण दारात आली की जुन्या कपड्यांवर पातेलं घ्यायला तासभर घासाघीस. कल्हईवाला, चाकूला धार लावणारा, छत्री दुरुस्त करणारा, सगळे दारात यायचे. आजकालच्या पिढीला लई सोपं झालंय सगळं. पूर्वीसारखं वागा, कचरा होणार न्हाई.

शमा_पुणे

काका, आदर ठेवून विचारते. ती लुगडी कोण धूत होतं, वाकळ कोण शिवत होतं, आणि किटली घेऊन घाण्यावर कोण जात होतं?

मला या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत हे खटकतं. कमी कचरा म्हणजे बहुतेक घरांत बाईला जास्त काम. कापडी लंगोट धुवायचे तिने. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या तिने. बिस्किटं विकत नको, म्हणजे शंकरपाळे तिने तळायचे. कापडी पॅड, घरचा साबण, घरचं दही, घरचं लोणचं. मी आठ तास नोकरी करते. विकतचं पाकीट हा माझ्यासाठी आळस नाही, ती माझी अर्ध्या तासाची झोप आहे. पाकीट बंद करायचं असेल तर ती अर्धा तास झोप कोण भरून देणार, हे आधी ठरवा.

रानजाई

+1 शमा. या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

पाटीलकाका

शमाताई, बरोबर आहे तुमचं. आईच करायची सगळं. वडील गादीवर बसून तक्रार करायचे की वाकळ टोचते. मी आता एकटाच राहतो आणि दळण मीच नेतो, पण त्या काळाबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

अवनीश

शमा यांचा मुद्दा पटला म्हणून आमच्या घरातली वाटणी सांगतो, कदाचित कोणाच्या कामी येईल. खताची बादली पूर्ण माझी. दर दोन-चार दिवसांनी ढवळणं, सुका पाला घालणं, आणि पावसाळ्यात त्यावर पत्रा टाकणं. भाजी मी आणतो, पिशव्या घेऊन. बायको बिघडलेल्या वस्तूंचं बघते, तिला त्याची आवड आहे. मिक्सरचं भांडं फिरेना झालं तर नव्वद टक्के वेळा खालचा कपलर झिजलेला असतो. कुकरची वाफ बाजूने येत असेल तर रिंग बदलायची. पंखा हळू फिरायला लागला तर कपॅसिटर. हे सुटे भाग शंभर-दोनशे रुपयांत भांडी बाजारात आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. दुकानदार बहुधा "नवीनच घ्या" म्हणतो, त्याला शांतपणे "भाग द्या" म्हणायचं.

आमच्या घरात एवढं ठरलंय की नवीन काही घरात येण्याआधी ते दुरुस्त होण्यासारखं आहे का हे दोघांनी बघायचं.

किमया_र

अवांतर: अवनीश, आमच्या खताला असह्य वास येतो आणि पांढऱ्या अळ्या झाल्यात. सासरे म्हणतात फेकून द्या. काय करू?

अवनीश

फेकू नका. वास कसला ते बघा. नाकात झोंबणारा अमोनियासारखा असेल तर ओलं जास्त आणि सुकं कमी पडतंय. सडका वास असेल तर आत हवा जात नाही आणि पाणी साचलंय. दोन्हीवर एकच इलाज: ओल्याइतकाच किंवा त्याहून जास्त सुका पाला, नाहीतर नारळाचा भुसा घालून खालपासून वर हलवा. तळाला भोकं आहेत ना ते बघा. शिळी आमटी, भाजीचा रस्सा गाळून घाला, पाण्यासकट ओतू नका. सुरुवातीला आंबट ताक शिंपडलं तर जिवाणूंना चालना मिळते.

अळ्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतील, जाड आणि मळकट पांढऱ्या, मोठ्या झाल्या की तपकिरी. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, आणि खत लवकर करतात. सासऱ्यांना सांगा, त्या फुकटच्या मजूर आहेत.

टिचकी

फुकटच्या मजूर म्हटल्यावर सासरे खूश होतील याची खात्री आहे.

संकेत_व

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोय. माझी आई पुण्यात कचरा गोळा करते. आधी कुंड्यांतून वेचायची, आता 'स्वच्छ' सहकारी संस्थेतून दारोदार जाते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 साली उभी राहिली, तिच्या पहिल्या काही वर्षांपासून आई सभासद आहे.

तुम्ही घरी काय करता याचं आईच्या हातावर काय होतं ते सांगतो. ओला-सुका एकत्र दिला की कागद भिजतो, आणि भिजलेल्या कागदाला भंगारच्या दुकानात भाव पडतो. फुटलेली काच आणि दाढीचं पातं नुसतं पिशवीत टाकलं की तिचं बोट कापतं. जाड कागदात गुंडाळा, डब्यात घाला, आणि वर लिहा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे तिला ते उघडून बघावं लागत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, तुकडा पिशवीला लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा वेगळा पडला की कोणाच्याच हाताला लागत नाही, गटारात जातो. पिशवी धुतलेली असली तर बरंच, पण शमाताई, वेळ नसेल तर नुसती पाण्याने विसळून उलटी टाका, तेवढं पुरतं.

रानजाई

संकेत, मनापासून आभार. एक प्रश्न मनात आला, वाईट वाटून घेऊ नका. लोकांनी खरेदीच कमी केली तर आईंचं उत्पन्न घटणार नाही का?

संकेत_व

प्रश्न बरोबर आहे, आमच्या घरातही निघतो. आईचं उत्पन्न दोन ठिकाणचं: घरामागे मिळणारं महिन्याचं शुल्क आणि भंगार विकून येणारे पैसे. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा कमी झाला तर दुसरं घटेल, हे खरं आहे. पण मृण्मयीताई ज्या पाकिटांबद्दल बोलतायत त्यांचा आईला एक पैसा मिळत नाही. ती नुसती वाहायची. ती निम्मी झाली तर तिची गाडी ढकलायला हलकी होईल. आणि महिन्याचे पैसे वेळेवर द्या. दर महिन्याला मागायला लावणं वाईट.

दिगंतर

संकेत, तुमच्या प्रतिसादानंतर माझ्या आधीच्या मुद्द्यात एक भर घालतो. कंपन्यांनी ही पाकिटं परत घ्यावीत ही मागणी सोडत नाही. पण परत घेतलेल्या प्रत्येक पाकिटाचे पैसे वेचणाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत. नाहीतर कागदावर जबाबदारी पुरी होईल आणि गाडी ढकलणारी बाई तिथेच राहील.

फुरसुंगीकर

पुण्याच्या मंडळींना एक गोष्ट माहीत असावी म्हणून लिहितो. तुमचा कचरा वर्षानुवर्षं पुण्याजवळच्या आमच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांत येऊन पडत होता. विहिरींचं पाणी नासलं, उन्हाळ्यात डेपोला आगी लागायच्या, आणि फुरसुंगीत मुलगी द्यायला लोक कचरत होते. आम्ही गाड्या अडवल्या तेव्हा शहरात कचरा साठला आणि मग सगळ्यांना ओला-सुका आठवला. त्याआधी कितीतरी वर्षं आम्ही तेच सांगत होतो. तुम्ही घरी जे कमी कराल ते आमच्यासाठी फार मोठं आहे. कमी पडतंय असं कोणी म्हणू नका.

कोकणी_माणूस

फुरसुंगीकर, वाचून वाईट वाटलं. आमच्या वेंगुर्ल्यात हे वेगळ्या तऱ्हेने झालं. मुख्याधिकारी रामदास कोकरे होते तेव्हा नगरपरिषदेने कचरा डेपोचाच कायापालट केला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे बारीक तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात, आणि सुका घरातूनच खूप प्रकारांत वेगळा. आज माणसं ती जागा बघायला येतात, बाजूला झाडं लावलीत. गाव छोटं, त्यामुळे जमलं असं कोणी म्हणेल. पण उरुळीलाही सुरुवातीला फार मोठं काही लागलं नसतं.

निरुपमा_सातारा

धागा फार छान चाललाय. मृण्मयीच्या मूळ प्रश्नाकडे वळते, रिटर्न गिफ्ट. आमच्या नातवाच्या वर्गातल्या आयांनी मिळून ठरवलं, वस्तू नाही. त्याऐवजी वाढदिवसाला वर्गातली सगळी मुलं मिळून एक खेळ खेळतात, आणि एक गोष्टीचं पुस्तक वाढदिवसाच्या मुलाकडून वर्गाच्या पेटीत जातं. एकट्या आईने बंद केलं तर तिच्या मुलालाच वाईट वाटतं. पाच-सहा जणींनी एकदम बोलायला हवं.

शमा_पुणे

हे पटलं. आणि माझ्या वरच्या प्रतिसादाला जोडून सांगते, मी कमी खरेदीच्या विरोधात नाही. न आणणं यात बाईचं काम वाढत नाही, उलट घटतं. कमी कपडे म्हणजे कमी धुणं, कमी वस्तू म्हणजे कमी आवरणं. वाढतं ते विकतच्याची जागा घरच्याने भरताना. म्हणून आमच्या घरात मी पहिल्यांदा "बदली" सगळी बाजूला ठेवली आणि फक्त "नको" धरलं. घरचा साबण मी करत नाही. पण पाच प्रकारचे फवारे बंद झाले. फरशीला एकच. त्यासाठी लिंबा-संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी, 3:1:10 प्रमाणात प्लास्टिकच्या बरणीत तीन महिने ठेवायचं. काचेची नको. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. तेवढं आमचा मुलगा करतो, त्याला "फुस्स" आवाज फार आवडतो.

मृण्मयी_

सगळ्यांचे खूप आभार. संकेत, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी लगेच विचारलं, पाकिटांचे पैसेच मिळत नाहीत? आणि मग त्याच म्हणाल्या की वेफर्स कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडून डबा नेऊन आणता येतील, तो समोर तळून देतो. डबा न्यायचं काम सासऱ्यांनी घेतलं. शमा, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

नवऱ्याशी बोलले. रात्री मागवायचं नाही, यादीत टाकून ठेवायचं आणि रविवारी दोघांनी बघायचं. पहिल्या यादीतलं बहुतेक सगळं त्यानेच खोडलं. वर्गातल्या आयांशी बोलायला निरुपमाताईंची पुस्तकपेटीची कल्पना घेऊन जाणार आहे. दोघी-तिघी तयार आहेत.

'एकावर एक'चं काय करावं हे मात्र अजून सुटलेलं नाही. सासूबाई म्हणतात, मिळतंय ते सोडायचं कशाला. त्यांच्या लहानपणी रॉकेलला रांग लावली आहे त्यांनी. त्यांना हे सोडायला सांगणं मला जड जातं.

पाटीलकाका

मृण्मयी, त्यांना सोडायला सांगू नका. दुसरं पाकीट कोणाला द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. साबण, चहा, डाळ, हे सगळं कोणाच्या तरी घरी लागतंच. आमच्या वयाच्या माणसाला काटकसर सोडवत नाही, पण देता येतं.

वैदर्भी

काका, मस्त सांगितलंत जी.

नागपुरात महाल किंवा इतवारीकडे घाण्यावर आपल्या भांड्यात तेल देणारं कोणाला माहीत असेल तर सांगा. बुटीबोरीकडे एक आहे पण लांब पडतं.

रानजाई

माझी मावशी गांधीबागेत राहते, तिला विचारून इथेच लिहिते. ती जवसाचं आणि तिळाचं आणते, स्टीलची बरणी घेऊन जाते. बरणीचं वजन आधी करून घ्यायचं, एवढं लक्षात ठेवा.